कोर्टात पाय गुंडाळून आणणारा वकील : मेल्विन बेली

पोटमाळा

भोपाळ वायुगळतीची जुनी कात्रणं चाळताना एक नाव सारखं समोर येत होतं : मेल्विन बेली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला आणि ७ तारखेला अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या कोर्टात १५ अब्ज डॉलरचा दावा दाखलसुद्धा झाला होता. दावा ठोकणाऱ्यांत हे बेली महाशय पुढे. मग स्वारी खुद्द भोपाळात हजर, वय वर्षं ७७. पाठोपाठ आणखी अमेरिकन वकील आले, वस्त्यावस्त्यांतून वकीलपत्रांवर अंगठे घेत फिरले आणि गिधाडं म्हणून शिव्या खाऊन गेले.

आपल्याकडे त्याची ओळख एवढीच. पण अपघातात जायबंदी झालेल्यांच्या बाजूनं लढणाऱ्या वकिलांची जी अख्खी जमात आज अमेरिकेत आहे, तिचा हा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. म्हणून हा धागा.

जन्म १९०७ चा, कॅलिफोर्नियातल्या सोनोरा गावी. सोन्याच्या खाणींसाठी जी झुंबड उडाली होती, त्यातून वसलेलं गाव. वडील बँकवाले. बर्कलीहून १९३३ मध्ये कायद्याची पदवी घेतली, म्हणजे ऐन महामंदीत. तेव्हा वकिलाला कोण विचारतो! पहिलं काम मिळालं ते सरकारी : भणंगाचा वेश करून बेकारांच्या लोंढ्यात मिसळायचं, त्यांच्यासारखं गावोगाव फिरायचं आणि त्यांची काय अवस्था आहे याचा अहवाल द्यायचा. मला त्याच्या पुढच्या सगळ्या वकिलीचं मूळ इथे दिसतं. एक तर सोंग वठवायची सवय. दुसरं म्हणजे ज्याच्या हातात काही नाही त्याला कोर्टकचेरी कशी दिसते, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता पायाची गोष्ट. काळ १९४० च्या दशकाचा. सॅन फ्रान्सिस्कोत ट्रामखाली एका तरुण बाईचा पाय गेला. ज्यूरीनं ६५,००० डॉलर दिले, त्या काळी रक्कम मोठी. प्रकरण पुन्हा सुनावणीला आलं. प्रतिवादीचं म्हणणं असं की आता कृत्रिम पाय इतके छान मिळतात, बाई जवळजवळ पहिल्यासारखंच आयुष्य जगेल. बेली रोज कोर्टात येताना एक लांबट पुडकं आणायचा. खाटीक मटण बांधून देतात तसला पिवळा कागद, वर पांढरी सुतळी आणि आकार इंग्रजी एल अक्षरासारखा. ते तो टेबलावर ठेवायचा आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ज्यूरीतले बारा जण दिवसच्या दिवस त्या पुडक्याकडे बघताहेत, आणि आत काय असेल हे प्रत्येकाच्या मनात आलेलं आहे.

शेवटच्या युक्तिवादात त्यानं सावकाश गाठी सोडल्या. कागद उलगडला. आतून निघाला कृत्रिम पाय, पट्टे, बिजागऱ्या, सगळं असलेला. तो त्यानं ज्यूरीच्या हातात दिला. फिरवा एकमेकांत, हलवून बघा, याच्यात किती जीव आहे ते सांगा. निकाल : १ लाख डॉलर.

त्याआधी अशा खटल्यांत वकील नुसतं बोलायचे. बेलीनं कोर्टात मोठे केलेले एक्स-रे आणले, सांगाडे आणले, प्लास्टरची मॉडेल्स आणली. त्याच्या ऑफिसात एक सांगाडा कायमचा मुक्कामाला असायचा.

दुसरं प्रकरण एस्कोला विरुद्ध कोका-कोला, १९४४. हॉटेलातली वेट्रेस बाटल्या फ्रिजमध्ये ठेवत होती, एक बाटली हातातच फुटली आणि हात चिरला गेला. कंपनीची चूक नेमकी काय, हे ती बिचारी कसं दाखवणार? तिच्या वकिलांत बेली होता. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला आणि न्यायमूर्ती ट्रेनर यांनी वेगळं मत लिहिलं की सदोष माल बाजारात आणला तर उत्पादकच जबाबदार, निष्काळजीपणा सिद्ध करायची गरजच नको. ते मत १९६३ मध्ये तिथला कायदा बनलं.

बाकी थाटमाट काय विचारता. मॉन्टगोमेरी स्ट्रीटवरच्या ऑफिसची काच रस्त्यावर उघडी, येणाऱ्याजाणाऱ्यानं साहेबांना काम करताना बघावं म्हणून. खटला जिंकला की गच्चीवर चाच्यांचा झेंडा आणि तोफेचा बार. सहा लग्नं. स्टार ट्रेकच्या एका भागात कामसुद्धा केलंय. केनेडींच्या मारेकऱ्याला गोळी घालणाऱ्या जॅक रूबीची केस फुकट लढवली आणि साफ हरला, १९६४ मध्ये रूबीला फाशी सुनावली गेली (पुढे वरच्या कोर्टानं ती रद्द केली, ती वेगळी गोष्ट).

आणि शेवट? १९९५ मध्ये त्याच्या फर्मनं दिवाळखोरीचा अर्ज केला, पुढच्या वर्षी जुलैत तो वारला. सिलिकॉनच्या स्तनरोपणांमुळे त्रास झालेल्या बायकांच्या केसेस त्यानं घेतल्या होत्या, तज्ज्ञ साक्षीदारांवर स्वतःच्या खिशातून पैसा ओतला होता आणि ज्या कंपनीकडून वसूल व्हायचा तिनंच आधी दिवाळं काढलं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्याकडे अशी वकिली का उभी राहिली नाही? आणि मोटार अपघाताच्या कोर्टात काम करणारं इथे कुणी आहे का?

निमा

पायाचा किस्सा वाचून आधी टाळी वाजवावीशी वाटली आणि मग जरा कसंतरी झालं. ती बाई तिथेच बसलेली असणार ना? तिच्या डोळ्यांदेखत तिचा पाय बारा परक्या माणसांच्या हातांतून फिरतोय. पैसे मिळाले हे खरंच, पण तिला कुणी विचारलं होतं का, ते कळायला हवं होतं.

भोपाळबद्दल मात्र माझं मत बदलणार नाही. माणसं मरत असताना अंगठे गोळा करणं ही वकिली नव्हे.

सॅन होजेकर

निमा, अंगठ्यांचं पटलं. पण १५ अब्जांचा आकडा बेलीनं उगाच हवेत सोडला नव्हता. तसाच अपघात वेस्ट व्हर्जिनियात झाला असता तर ज्यूरीनं काय दिलं असतं, याचा अंदाज होता तो. भोपाळमध्ये प्रत्यक्षात काय मिळालं? १९८९ चा समझोता ४७ कोटी डॉलरचा, आणि जखमींपैकी बहुतेकांच्या हातावर पहिल्या खेपेला २५ हजार रुपये टेकवले गेले. गिधाडं परवडली म्हणायची वेळ आली.

इथलं सांगतो. फ्रीवेला लागलात की दर मैलाला वकिलाचा फलक. सूट घातलेला माणूस, हाताची घडी आणि 'जिंकलो नाही तर फी नाही'. हे १९७७ नंतरचं. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं वकिलांना जाहिरातीची मुभा दिली. फी वसुलीतूनच, साधारण तिसरा हिस्सा, खटला चालला तर ४० टक्क्यांपर्यंत. आपल्या लोकांना हे ऐकून झटका बसतो. पण मधला खर्च वकीलच करत असतो, डॉक्टरांच्या साक्षी, अपघाताची पुनर्रचना करणारे इंजिनिअर, सगळा. हरला तर तो बुडीत खात्यात. बेलीचं दिवाळं तसंच निघालं ना.

बेलीपेक्षा मला वायोमिंगचा गेरी स्पेन्स आवडतो. हा आधी विमा कंपन्यांच्या बाजूनं केसेस लढायचा. मग बाजू बदलली. कारखान्यात प्लुटोनियमची बाधा झालेल्या कॅरन सिल्कवुड या कामगार बाईच्या खटल्यात १९७९ मध्ये ओक्लाहोमाच्या ज्यूरीकडून केर-मगी या प्लुटोनियमवाल्या कंपनीविरुद्ध १ कोटी ५ लाख डॉलरचा निकाल घेतला. अपिलांत तो घासला गेला आणि शेवटी तेरा-चौदा लाखांवर समझोता झाला, हेही सांगायला हवं. पेपरात आकडा छापून येतो पहिल्या निकालाचा, हातात पडतो शेवटचा.

मृण्मयी_द

भोपाळच्या कज्ज्यातला सगळ्यात विचित्र भाग राहिलाच की. मार्च १९८५ मध्ये संसदेनं कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीनं लढायचा हक्क एकट्या भारत सरकारकडे घेतला. बेली आणि कंपनी तिथेच बाजूला पडली. मग सरकार न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं आणि म्हणालं काय, तर आमची न्यायालयं एवढा खटला चालवायला समर्थ नाहीत! आणि युनियन कार्बाइडच्या बाजूनं प्रतिज्ञापत्र दिलं नानी पालखीवालांनी : भारतीय न्यायव्यवस्था पूर्ण समर्थ आहे. आपल्या देशाची इज्जत सांभाळत होती प्रतिवादी कंपनी. न्यायाधीश कीनन यांनी मे १९८६ मध्ये खटला भारतात पाठवून दिला.

तिकडे भोपाळचे जिल्हा न्यायाधीश देव यांनी डिसेंबर १९८७ मध्ये ३५० कोटींची अंतरिम भरपाई देऊन टाकली, खटला संपायची वाट न बघता. हायकोर्टानं ती २५० कोटींवर आणली. त्यातलं पीडितांपर्यंत पोचायच्या आतच समझोता झाला. देवांबद्दल मराठीत कुणी नीट लिहायला हवं.

वकीलकाका

धागा चांगला आहे म्हणून बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे काम करतो. तीसेक वर्षं हेच. दिवाणी, फौजदारी सोडून दिलं.

वडील एसटीत कंडक्टर. त्यांच्याबरोबरचे एक ड्रायव्हर घाटात गेले, तेव्हा त्यांच्या घरी कागद वाचून दाखवायला मला बोलवायचे, कारण मी कॉलेजात होतो. त्यातून या वाटेला लागलो असं म्हणता येईल, पण खरं शिक्षण झालं ते विमा कंपनीच्या पॅनेलवर. माझे सिनियर पॅनेलवर होते, त्यांच्या हाताखाली आठ-नऊ वर्षं फक्त दावे मोडायला शिकलो. लायसन्स हलक्या वाहनाचं आणि गाडी जड, परमिट नाही, एफआयआर उशिरा, उत्पन्नाचा दाखला तलाठ्याचा तोही अपघातानंतर काढलेला. सॅन होजेकर स्पेन्सबद्दल जे म्हणाले ते इथेही लागू आहे. ज्यानं दावे मोडलेत त्यालाच दावा कुठे गळतो ते कळतं.

पोटमाळा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं की आपल्याकडे ज्यूरी नाही. समोर एक न्यायाधीश साहेब, त्यांच्यापुढे त्या दिवसाच्या बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणं, आणि भरपाई काढायचं कोष्टक सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलेलं. २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी, हे दोन निवाडे आमचा पाढा. पुडकं उघडून साहेबांना रडवायला जाल तर ते म्हणतील, वकीलसाहेब, उत्पन्नाचा पुरावा निशाणी कितीवर आहे? (निशाणी म्हणजे कोर्टात दाखल कागदाचा नंबर.)

पण म्हणून कौशल्य लागत नाही असं कृपया समजू नका. एक केस सांगतो, गाव-नाव गाळून.

ऊसतोडीची बाई, बीडकडची. कारखान्यावरून परतताना ट्रकनं ट्रॅक्टरला मागून ठोकलं. उजवा गुडघा गेला. सिव्हिल सर्जनचं प्रमाणपत्र ४५ टक्क्यांचं. विमा कंपनीचे दोन मुद्दे. पहिला, बाईला स्वतःचं उत्पन्नच नाही. का? तर मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. वहीत नाव नवऱ्याचं, अंगठा नवऱ्याचा. बाई निम्मा ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते आणि कागदावर तिचं अस्तित्व शून्य. मी मुकादमालाच साक्षीला आणलं. तो यायला तयार नव्हता, आपली वही कोर्टापुढे यायला नको म्हणून. समन्स काढावं लागलं. त्याला एकच गोष्ट विचारली : बायको नसलेल्या गड्याला किती उचल देता? म्हणाला, अर्ध्या कोयत्याची. झालं, बाईचं उत्पन्न शाबीत.

दुसरा मुद्दा, ४५ टक्के अपंगत्व हे एका पायाचं, सगळ्या शरीराचं काढलं तर निम्म्यावर येईल. सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारताना, मी तिला विचारलं, मोळी कशी उचलता? बाई बोलायच्या ऐवजी करून दाखवायला गेली. पिंजऱ्याचा कठडा धरून खाली बसू लागली आणि गुडघा वाकेचना, अर्ध्यातच अडकली. साहेबांनी टायपिस्टला थांबवलं, बाईला खुर्ची द्यायला सांगितली आणि जे बघितलं ते स्वतः नोंदीत घेतलं. मी पुढे एक प्रश्नही विचारला नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निवाडा त्यासाठीच आहे. डॉक्टरचे टक्के वेगळे, कमाईची ताकद किती गेली ते टक्के वेगळे. डावा हात गेलेला कारकून नोकरी करू शकतो, सुताराचं किंवा ड्रायव्हरचं काम मात्र संपलं. ऊस तोडणाऱ्या बाईचा गुडघा गेला तर शंभर टक्के गेले. साहेबांनी तसंच धरलं.

निमाताई, तुमच्या शंकेला धरून : मी तिला काही शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तर तितकं खरं दिसलं नसतं.

निमा

काका, _/\_

अर्धा कोयता डोक्यातून जात नाहीये.

हिशोबनीस

विमा कंपनीच्या क्लेम्स खात्यातून निवृत्त. तेव्हा इथला खलनायक मीच.

आधी हिशेब मांडतो, म्हणजे लोकांना कोष्टक म्हणजे काय ते कळेल. समजा ३२ वर्षांचा टेम्पोवाला गेला. महिना १८,००० सुटत होते. मागे बायको, दोन मुलं, आई. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के जोडायचे : २५,२००. अवलंबून चौघं, म्हणून तो स्वतःवर एक चतुर्थांश खर्च करत होता असं धरून वजा : १८,९००. बारा महिन्यांचे २,२६,८००. याला वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणायचं, ३१ ते ३५ वयाला तो १६. झाले ३६,२८,८००. वर अंत्यविधी, वारसाहक्क, साहचर्याची हानी यांच्या ठरीव रकमा आणि व्याज. १८,००० च्या जागी १२,००० शाबीत झाले तर एक तृतीयांश रक्कम तिथेच उडाली. सगळी लढाई त्या पहिल्या आकड्यासाठी असते, हे काका म्हणतात ते बरोबर.

आता दुसरी बाजू. अज्ञात वाहनानं धडक दिली असा एफआयआर. मग दोन-अडीच महिन्यांनी अचानक एक साक्षीदार उगवतो, ज्याला गाडीचा नंबर तोंडपाठ असतो, आणि गाडी निघते नेमकी विमा असलेली. याला आमच्यात गाडी 'बसवणे' म्हणतात. विहिरीत पडलेला माणूस मोटारसायकलवरून पडलेला होतो. अशा फायली मी पाहिल्यात आणि त्यांच्यावर वकिलांच्या सह्या असतात. सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात, ऑर्थो वॉर्डाबाहेर चहा पीत बसलेले दलाल सगळ्यांना माहीत आहेत. वॉर्डबॉयला काय मिळतं, पोलीस ठाण्यातल्या रायटरला काय मिळतं, याचेही दर ठरलेले. अमेरिकेत अँब्युलन्सच्या मागे धावतात, आपल्याकडे अँब्युलन्स यायच्या आधीच हजर.

कोकणकडा

हिशोबनीस, दलाल आहेत हे मान्य. पण तुमच्याकडच्या लोकांनी खऱ्या दाव्यांना किती वर्षं झुलवलंय तेही लिहा की. माझ्या मामेभावाच्या केसमध्ये कंपनीचा वकील सलग तारखांना 'सूचना आल्या नाहीत' म्हणत होता. आणि मग लोकअदालतीत येऊन म्हणतात, निम्म्यात मिटवा, आजच चेक.

हिशोबनीस

झुलवतात. नाकारत नाही. फाईल ज्याच्या टेबलावर मिटते त्याला ऑडिटमध्ये विचारणा होते, हायकोर्टात अपील केलं की नाव निघत नाही. म्हणून सगळे अपील करून मोकळे होतात.

मृण्मयी_द

फीबद्दल एक कायदेशीर भर. सॅन होजेकरांच्या तिसऱ्या हिश्शाचा प्रकार भारतात वकिलाला करताच येत नाही. बार कौन्सिलचा नियम २० : निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही घ्यायचा नाही. यातलं गाजलेलं प्रकरण मुंबईचंच आहे. डिसेंबर १९५२ मध्ये एका वकिलानं अशिलाशी लेखी करार केला, वसूल होईल त्याचे ५० टक्के माझे. मुंबई हायकोर्टानं त्याची सनद सहा महिन्यांसाठी स्थगित केली. १९५४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा त्यांनीही हे गैरवर्तनच ठरवलं. निवाड्यात त्याचं नाव नुसतं 'जी' एवढंच आहे.

जाहिरातीलाही बंदी. त्यामुळे बेलीची काचेची खिडकी इथे शिस्तभंग झाली असती, तोफ तर राहूच द्या.

पोटमाळा

मग काका, प्रत्यक्षात काय चालतं? आडपडदा न ठेवता सांगा.

वकीलकाका

टक्केवारी चालते. नाही म्हणालो तर इथलेच चार वाचक हसतील. तोंडी ठरतं, कागदावर कधी येत नाही, आणि तिथेच गोची आहे. अमेरिकेत करार लेखी, अशिलाला आधी माहीत, खर्च कुणाचा तेही लिहिलेलं. आमच्याकडे नियमानं बंदी, म्हणून सगळं अंधारात, आणि अंधारात माणूस किती घेतो याला धरबंध नाही. मी निम्मे घेणारे पाहिलेत.

मी स्वतः ठरीव फी घेतो आणि रक्कम आल्यावर घेतो. सरळ सांगायचं तर हेही नियमाच्या काठावरचं आहे. पण ज्या बाईच्या नवऱ्याचं अजून तेरावंही झालेलं नाही तिच्याकडे आगाऊ मागू कसे? कोर्ट निम्मी-अधिक रक्कम विधवेच्या आणि मुलांच्या नावे बँकेत मुदतठेवीत टाकायला लावतं, ते फार चांगलं आहे. दिरांपासून वाचते, आणि आमच्यापासूनही.

हिशोबनीस, बसवलेल्या गाड्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. त्या फायलींमुळेच माझ्या खऱ्या अशिलाकडे साहेब संशयानं बघतात.

नवी_सनद

काका, मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळे म्हणतात कॉर्पोरेटला जा, मोटार अपघात म्हणजे दलालांचं काम. मला कोर्टात उभं राहायचंय. या कामात शिरायचं तर सुरुवात कशी करू?

वकीलकाका

नवी सनद, कोर्टात उभं राहायचं असेल तर याच्यासारखी शाळा नाही. पहिल्या वर्षातच उलटतपास घ्यायला मिळतो. कॉर्पोरेटमध्ये दहा वर्षांनी तुम्हाला साक्षीदार कसा दिसतो ते माहीत नसतं.

आधी विमा कंपनीच्या पॅनेलवरच्या वकिलाकडे जा, मग अर्जदारांच्या. उलट क्रमानं जाऊ नका.

हाडांची नावं पाठ करा. चेष्टा नाही. ऑर्थोपेडिक सर्जनचा सरतपास किंवा उलटतपास घ्यायचा तर टिबिया कुठली आणि फिबुला कुठली हे त्याच्याइतकं नाही, पण तो फेकतोय का एवढं कळण्याइतकं तरी यायला हवं. मी आमच्या गावच्या एका डॉक्टरांकडे रविवारी सकाळी एक्स-रे बघायला जाऊन बसायचो. सांधा जुळला म्हणजे काय, वाकडा जुळला म्हणजे काय, आत घातलेली सळई पुढे काढावी लागते का, तिचा खर्च किती. भविष्यातल्या औषधोपचाराचा खर्च बहुतेक वकील मागायलाच विसरतात.

घटनास्थळाचा पंचनामा घेऊन जागेवर जा. नकाशात 'रस्त्याच्या कडेला बाभळ' असं लिहिलेलं असतं आणि जागेवर ती बाभळ वळणाच्या बरोबर तोंडाशी असते. ड्रायव्हरला समोरचं दिसतच नव्हतं, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

उत्पन्नाचे पुरावे शोधायला शिका. पगारपत्रक असलेला अशील महिन्यातून एखादा येतो. बाकीच्यांच्यात दूध संघाची बिलं, आडत्याच्या पट्ट्या, बचतगटाची वही, हल्ली फोनवरचे पैसे आल्याचे मेसेज. एका गवंड्याचं उत्पन्न मी सिमेंटच्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीवरून दाखवलं होतं.

आणि गृहिणी मेली की कंपनीचा वकील म्हणेल उत्पन्न शून्य. त्याला २००१ चा लता वाधवा आणि २०२१ चा कीर्ती विरुद्ध ओरिएंटल हे दोन निवाडे दाखवायचे. घरकामाची किंमत धरावीच लागते.

पैसा पहिली पाच-सहा वर्षं नाही. दावा निकाली लागेपर्यंत वाट बघायची, मग अपील, मग वसुली. घरचा आधार असेल तर या, नाहीतर जोडीला जमीन-घराच्या वाटपाचे दावे करा.

सॅन होजेकर

काका, बाभळीवरून आठवलं. इथे ते काम करणारे वेगळे तज्ज्ञ असतात, घसरल्याच्या खुणा मोजून वेग काढतात आणि तासाला शेकड्यांनी डॉलर घेतात. तुम्ही एसटीनं जाऊन करताय.

वकीलकाका

मोटारसायकलनं. एसटीला त्या फाट्यावर थांबा नाही.

कोकणकडा

काका, एक विचारायचं होतं, व्यनि (खाजगी निरोप) करणार होतो पण इतरांनाही उपयोग होईल. भाच्याला मागच्या महिन्यात मोटारसायकलनं उडवलं, पाय मोडलाय. धडकवणाऱ्याच्या गाडीचा विमा संपलेला आहे. पोलीस म्हणतात, मिटवून घ्या. काही होऊ शकतं का?

वकीलकाका

होऊ शकतं. विमा नसला तरी मालक आणि चालक जबाबदार असतातच, वसुली कठीण एवढंच. गाडी अजून पोलीस ठाण्यात आहे का ते आज बघा. विमा नसलेली गाडी मालकाला सोडण्याआधी तारण घ्यायचं असतं, त्यासाठी वकिलाकडून लगेच अर्ज टाका. गाडी एकदा सुटली की तो मालक तुम्हाला ओळखणार नाही.

एफआयआर झालाच नसेल तर तो आधी. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनी पोलिसांनीच ४८ तासांत न्यायाधिकरणाला प्रथम अहवाल पाठवायचा असतो, तो गेलाय का ते लेखी विचारा. दावा दाखल करायला कायद्यानं सहा महिने दिलेत. या मुदतीवर कोर्टात वाद चालू आहे, पण त्या भरवशावर राहू नका. हॉस्पिटलची सगळी बिलं, मूळ एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा. मूळ प्रती कुणाच्याही हातात देऊ नका, ऑर्थो वॉर्डाबाहेर जो गोड बोलेल त्याच्या तर नाहीच.

हिशोबनीस

आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. काकांच्यासुद्धा.

वकीलकाका

बरोबर. माझ्यासुद्धा.